गॅरेजमध्ये १८ ते २१ अंश, दुसरा फ्रीज नाही, तरी लागर जमेल का?

सनीवेलकर

नमस्कार मंडळी,

तीन वर्षं झाली घरी बिअर करतोय, आत्तापर्यंत सगळ्या एलच, म्हणजे उबेत आंबणाऱ्या बिअर केल्या, पेल एल झाली, स्टाउट झाली, एकदा गव्हाची केली, आणि त्या चांगल्या झाल्या. पण मला मनापासून आवडते ती साधी सोनेरी, कडसर पिल्सनर, म्हणजे थंडीत आंबवायच्या लागरचाच एक प्रकार, आणि नेमकी तीच जमत नाहीये. डिसेंबरच्या शेवटी माझा थोरला भाऊ नाशिकहून पहिल्यांदाच इकडे कॅलिफोर्नियात येतोय, त्याला माझ्या हातची लागर पाजायची फार इच्छा आहे, म्हणून आत्तापासून विचारतोय.

अडचण अशी की आमचं गॅरेज एका गाडीचं, त्यात सायकली, मुलांचं सामान, दुसरा फ्रीज ठेवायला खरंच जागा नाही. तिथलं तापमान रात्री ६४ फॅरनहाइट आणि दुपारी ६८ ते ७०, म्हणजे सेल्सियसमध्ये १८ ते २१ धरा. आणि जिथे वाचावं तिथे लागर १० ते १२ अंशांना आंबवा असंच लिहिलेलं.

ऑगस्टमध्ये एक प्रयत्न केला होता. ५ गॅलन, म्हणजे १९ लिटर, सगळं पिल्सनर मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), हॉप्स (कडूपणा देणारी फुलं) साझ जातीचे, सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे साखरेमुळे येणारी घनता, १.०४८. वर्ट, म्हणजे उकळलेलं मॉल्टचं गोड पाणी, गार करता करता रात्रीचे साडेअकरा झाले, नळाचं पाणीच कोमट येत होतं, शेवटी २७ अंशांवर असतानाच लागर यीस्टचं एक पाकीट टाकलं आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फर्मेंटरवरची (आंबवायच्या भांड्यावरची) तापमानाची पट्टी २४ दाखवत होती आणि एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या बुचातून, पिकलेल्या केळ्याचा वास. दोन आठवड्यांनी ग्रॅव्हिटी १.०११ ला थांबली, बाटल्या भरल्या. तेव्हा चव ठीक वाटली होती पण महिन्याभराने उघडली तर केळं आहेच आणि वर थिएटरमधल्या बटर पॉपकॉर्नचा वास. अर्ध्या बाटल्या ओतून दिल्या, फार वाईट वाटलं.

तर प्रश्न असा की ह्या तापमानाला लागर होतच नाही का, की माझंच कुठे चुकलं? की लागरचा नाद सोडून एलच करावी?

अलमीडा_वाफ

सनीवेलकर, नाद अजिबात सोडू नका! तुम्ही ज्या खाडीच्या काठावर राहताय तिथेच लोकांनी बर्फाशिवाय लागर यीस्ट वापरून बिअर केली आहे, तीही दीडशे वर्षांपूर्वी. सोन्याच्या शोधात माणसं सॅन फ्रान्सिस्कोला लोटली, त्यांच्यात जर्मन ब्रूअर होते, त्यांच्याकडे लागरचं यीस्ट होतं पण बर्फ नाही, डोंगरातली थंड तळघरं नाहीत. मग त्यांनी उथळ, पसरट, उघड्या हौदांत वर्ट ओतलं, समुद्रावरून येणाऱ्या गार हवेने ते लवकर निवायचं, आणि त्याच हवेच्या तापमानाला बिअर आंबवली. तीच स्टीम बिअर. तिथल्या अँकर ब्रूअरीने तो शब्द ट्रेडमार्क केला म्हणून बाकीचे तिला कॅलिफोर्निया कॉमन म्हणतात. १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅगने बुडीत चाललेली अँकर विकत घेतली नसती तर ही पद्धत बहुतेक संपलीच असती. २०२३ मध्ये ती ब्रूअरी बंद झाली तेव्हा मला घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं.

ह्या कामाचं यीस्ट आजही मिळतं, वायईस्टचं २११२ किंवा व्हाइट लॅब्सचं ८१०, दोन्ही १८ अंशांपर्यंत लागरसारखी स्वच्छ चव देतात. मी आमच्या गॅरेजमध्ये १६-१७ ला करतो, नॉर्दर्न ब्रूअर हॉप्स आणि थोडं क्रिस्टल मॉल्ट घालून. एकच सांगतो, ती तांबूस आणि जरा भरदार होते, पिल्सनरची नाजूक चव तिच्यात शोधू नका.

तळघर_एडिसन

सनीवेलकर, मी न्यू जर्सीत ११ वर्षं बिअर करतेय, त्यातली पहिली सहा वर्षं माझ्याकडेही फर्मेंटरसाठी फ्रीज नव्हता, म्हणून तुमचा त्रास कळतो. तुमचं वर्णन वाचून मला तरी गॅरेजचा दोष दिसत नाही. तीन गोष्टी चुकल्यात आणि तिन्ही पहिल्या दोन दिवसांतल्या आहेत.

पहिलं म्हणजे २७ अंशांवर यीस्ट टाकलंत. केळ्याचा वास देणारे एस्टर जे आहेत ते बहुतांश यीस्टची संख्या वाढत असताना तयार होतात, म्हणजे सुरुवातीचे ४८ ते ७२ तास. त्या वेळात बिअर किती गरम होती त्यावर चव ठरते, नंतर दहाव्या दिवशी ती २० वर गेली तरी केळं येत नाही. लोक उलटं करतात, गरम टाकतात आणि मग हळूहळू गार होऊ देतात, म्हणजे नेमकं ज्या वेळी गार हवं त्याच वेळी सगळ्यात गरम.

दुसरं म्हणजे एकच पाकीट. लागरला एलच्या साधारण दुप्पट यीस्ट लागतं. विरजण कमी पडलं तर दही लागायला वेळ लागतो आणि चवही बिघडते, तसंच आहे हे. यीस्ट कमी असलं की त्याला आधी स्वतःची संख्या खूप वाढवावी लागते आणि त्या वाढीतच नको ते वास येतात. फर्मेंटिस कंपनीवाले त्यांच्या डब्ल्यू-३४/७० ह्या लागर यीस्टला १०० लिटरला ८० ते १२० ग्रॅम सांगतात, तुमच्या १९ लिटरला १५ ते २३ ग्रॅम झालं, म्हणजे साडेअकरा ग्रॅमची दोन पाकिटं. यीस्ट महाग आहे पण इथे काटकसर करू नका.

तिसरं, तुम्ही गॅरेजचं तापमान सांगताय, बिअरचं नाही. जोरात आंबत असताना आतली बिअर बाहेरच्या हवेपेक्षा तीन-चार अंश सहज वर असते. तुमचंच बघा ना, गॅरेज २० आणि पट्टी २४. सेन्सर असेल तर फर्मेंटरच्या बाजूला चिकटवा आणि वर स्पंजचा किंवा बबल रॅपचा तुकडा टेपने घट्ट बसवा, म्हणजे हवेचं तापमान न दाखवता बिअरचं दाखवेल.

आता यीस्ट. सगळी लागर यीस्टं उबेत सारखी वागत नाहीत, काही १६ च्या वर गेली की फळांचे वास सोडतात. डब्ल्यू-३४/७० मात्र फार सोशिक आहे, कंपनीच १२ ते १८ अंश म्हणते. लॅलेमंडचं नोव्हालागर १० ते २० पर्यंत चालतं. ह्या दोनांतलंच एक घ्या.

आणि थंड ठेवायला फ्रीज लागत नाही, मोठा प्लास्टिकचा टब घ्या, ज्यात फर्मेंटर बसेल आणि भोवती ३० लिटर पाणी मावेल. सोड्याच्या दोन लिटरच्या बाटल्यांत पाणी भरून फ्रीजरमध्ये गोठवायच्या. हिशोब सोपा आहे, १९ लिटर बिअर आणि ३० लिटर पाणी, त्यात दोन किलो बर्फ वितळला की सगळं मिळून साधारण तीन अंश उतरतं. सकाळी एक, रात्री एक. फर्मेंटरला जुना सुती टीशर्ट घालून त्याचं टोक पाण्यात सोडलं आणि समोर छोटा पंखा लावला तर आणखी फरक पडतो, आपल्या माठाचं तत्त्व आहे ते. हे तुम्हाला फक्त तीन ते चार दिवस करायचंय! मग बर्फ बंद, बिअरला आपणहून १९-२० पर्यंत चढू दे.

ते पॉपकॉर्न म्हणजे डायॲसिटिल. यीस्ट त्याच्या आधीचं एक द्रव्य बाहेर सोडतं, त्याला स्वतःला वास नसतो, ते हळूहळू बिअरमध्ये डायॲसिटिल बनतं आणि मग यीस्टच ते परत खाऊन टाकतं, पण त्यासाठी यीस्ट जागं हवं आणि बिअर उबदार हवी. म्हणून तुम्हाला बाटल्या भरताना कळलं नाही आणि महिन्याने कळलं. ह्या बाबतीत तुमचं उबदार गॅरेज उलट फायद्याचं आहे. दोन छोट्या बरण्यांत बिअर घ्या, एक झाकण लावून ६०-६५ अंशांच्या गरम पाण्यात २० मिनिटं ठेवा, मग गार करून दोन्हींचा वास घ्या. गरम केलेलीला लोण्याचा वास आला तर तीन दिवस थांबा आणि परत करून बघा. दोन्ही सारख्या वासाच्या झाल्या की मगच बाटल्या.

मला स्वतःलाही खात्री करायची होती म्हणून दोन वर्षांपूर्वी एकच वर्ट दोन फर्मेंटरमध्ये विभागलं, दोन्हीत ३४/७०, एक फ्रीजमध्ये ११ अंशांना, एक तळघरात १८ ला. दिवाळीनंतर घरी जमलेल्या नऊ जणांना तीन-तीन ग्लास दिले, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास ओळखायला सांगितलं. चार जणांनी ओळखला. नुसत्या अंदाजानेही तीन जण बरोबर आले असते. नऊच माणसं होती, त्यामुळे फार मोठं काही सिद्ध झालं असं म्हणत नाही, पण त्यानंतर मी तळघरातल्या बिअरची काळजी करणं सोडलं.

इझारकाठी

म्युनिकहून लिहितोय. एडिसनताईंचं सगळं पटलं, विशेषतः पहिल्या तीन दिवसांचं. फक्त ‘लागर उबेत होते’ एवढंच वाचून कुणी थंडी पूर्ण वगळेल अशी भीती वाटते म्हणून थोडं मांडतो.

लागर हा शब्दच मुळी साठवण्यावरून आलाय, जर्मनमध्ये लागर्न म्हणजे साठवून ठेवणं. इथे बव्हेरियात १५५३ मध्ये हुकूम निघाला की २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्यातच बिअर बनवायची, उन्हाळ्यात बंद, कारण उन्हाळ्यातली बिअर नासायची. मग मार्चमध्ये जरा कडक बिअर करून ती तळघरात बर्फ भरून ठेवायचे, तळघरावर सावली हवी म्हणून चेस्टनटची झाडं लावायचे, आजचे बिअर गार्डन त्यातूनच आले. मी राहतो तिथून दहा मिनिटांवर असं एक आहे, झाडं इतकी दाट की जुलैतही खाली गारवा असतो. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेचं गार करणारं यंत्र इथल्या श्पाटेन ब्रूअरीत आलं आणि ऋतूचं बंधन सुटलं.

सांगायचा मुद्दा हा की शेकडो वर्षं थंडीत बिअर केल्यामुळे थंडी सोसणारं यीस्ट आपोआप निवडलं गेलं. १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हान्सेनने त्यातलं एक शुद्ध वेगळं काढलं. हे यीस्ट संकरित आहे, एक पालक आपलं नेहमीचं पावाचं, एलचं यीस्ट, दुसरा कोण ते बराच काळ कळत नव्हतं, २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियात ‘सदर्न बीच’ नावाच्या झाडांवर त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक सापडला. थंडी सोसायची ताकद त्या जंगली पालकाची. म्हणजे लागर यीस्टला थंडी सोसते, ती त्याची गरज नाही, हा फरक नीट लक्षात घ्या. १६-१८ ला ते मजेत काम करतं.

पण साठवणीची थंडी वेगळी! आंबणं संपल्यावर शून्य ते दोन-तीन अंशांना तीन-चार आठवडे ठेवल्याशिवाय ती पिल्सनरची काचेसारखी स्वच्छता आणि गोलाई येत नाही. गंधकाचा वास, कुजक्या अंड्यासारखा, लागर यीस्टमध्ये हमखास येतो, तो आंबताना वायूबरोबर बराच निघून जातो आणि राहिलेला ह्या साठवणीत जातो. त्यात गडबड करू नका. सनीवेलकर, तुमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये एक कप्पा मिळाला तरी बाटल्या तिथे ठेवता येतील.

सनीवेलकर

सगळ्यांचे मनापासून आभार, मी तीनदा वाचून काढलं. बायकोला विचारलं, फ्रीजचा खालचा कप्पा महिनाभर मिळालाय, २४ बाटल्या मावतील. टबही आणला.

दोन शंका. एक म्हणजे ऑक्टोबरातही इथे नळाचं पाणी २० च्या आसपास येतं, मग वर्ट १४-१५ पर्यंत गार कसं करायचं? आणि दुसरं, एका ओळखीच्याने सांगितलं की दाबाखाली आंबवली तर तापमानाची चिंताच नको, ते खरं का?

तळघर_एडिसन

नळाच्या पाण्याने जितकं होईल तितकं गार करा, २३-२४ होईल. मग फर्मेंटरमध्ये भरून, झाकण लावून, बर्फाच्या टबात ठेवा आणि यीस्ट न टाकता झोपा. सकाळी १५ झालं की यीस्ट टाका. भांडी नीट निर्जंतुक केलेली असतील तर आठ-दहा तासांनी काही होत नाही, मी कितीतरी वेळा केलंय. त्या रात्री घाई केली नसतीत तर तुमची ऑगस्टची बॅच बरीच वाचली असती.

दाबाचं ब्रिस्बेनवाले भाऊ सांगतील, ते तसंच करतात.

ब्रिस्बेन_उकाडा

हो, मी दाबाखालीच करतो कारण आमच्याकडे जानेवारीत घरात २८-३० असतं आणि दमटपणा इतका की ओला टीशर्ट आणि पंखा काही कामाचा नाही, पाणी वाळायला हवेत जागाच नसते. सनीवेलची हवा कोरडी आहे, तिथे चालेल.

दाबाचं तत्त्व असं की फर्मेंटर बंद ठेवून वायू आत साठू दिला की यीस्टची वाढ जरा दबते आणि एस्टर कमी होतात. वर स्पंडिंग व्हॉल्व्ह लावायचा, ठरवलेल्या दाबाच्या वर गेलं की तो जादा वायू सोडतो. मी पहिला दिवस अगदी कमी, चार-पाच पीएसआय, आणि फेस धरला की १२ ते १५, म्हणजे साधारण एक बार. बिअर २० अंशांना ठेवतो, टब आणि बर्फ मलाही लागतोच. व्हाइट लॅब्सचं ९२५ खास ह्यासाठीच आहे, पण ३४/७० पण मस्त चालतं. सात-आठ दिवसांत आंबणं संपतं. त्यामुळे ‘चिंताच नको’ हे बरोबर नाही, दाबामुळे दोन-चार अंशांची सवलत मिळते, तीस अंशांना तो वाचवत नाही.

आणि हे कृपया गांभीर्याने घ्या, दाबासाठी बनवलेलाच फर्मेंटर किंवा स्टीलचा केग वापरायचा. काचेच्या कारबॉयला, म्हणजे आंबवायच्या मोठ्या बाटलीला, कधीही, थोडासुद्धा दाब द्यायचा नाही, ती फुटते आणि काच हातात, डोळ्यांत जाते. साध्या प्लास्टिकच्या बादलीलाही नाही. प्लास्टिकचा दाबाचा फर्मेंटर असेल तर त्यावरची तारीख बघा, त्याची मुदत असते.

तुमच्याकडे तो नसेल तर ह्या एका बॅचसाठी खर्च करू नका. तुमचं गॅरेज १८ चं आहे, माझ्याकडे असतं तर मी व्हॉल्व्ह कपाटात ठेवून दिला असता.

खरंच तीस अंशांत करायची वेळ आली तर नॉर्वेचं क्वाइक यीस्ट घ्या, ओमेगाचं लुत्रा ३५ पर्यंत बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. ती लागर नाही, पण थंडगार प्यायला छान लागते.

कोथरूड_७८

छान चर्चा चाललीय. मी पुण्यात आहे, इथे मार्चमध्ये हवा कोरडी असते, टब आणि टीशर्टची युक्ती चालेल असं वाटतंय. मॉल्ट, हॉप्स मिळवता येतील. घरी करून बघावं का?

तळघर_एडिसन

दादा, हौस कळते पण थांबा. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, बिअरही त्यात आली. आमच्या इकडे १९७८ मध्ये कायदा होऊन घरच्या बिअरला मोकळीक मिळाली, एका घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, आणि विकायची नाही. तिथे तसं नाही. पुण्यात एवढ्या मायक्रोब्रूअरी आहेत, एखाद्या दुपारी गर्दी नसताना जाऊन ब्रूअरशी बोला, लागर किती दिवस टाकीत ठेवता, किती अंशांना आंबवता विचारा. ही मंडळी विचारलं की फार मोकळेपणाने दाखवतात, मी मागच्या भारतभेटीत एका ठिकाणी दोन तास उभी होते.

सनीवेलकर

मंडळी, दोन महिन्यांनी परत लिहितोय. काय काय झालं ते सगळं सांगतो म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

१९ ऑक्टोबरला केली. तेच पिल्सनर मॉल्ट, साझ, ग्रॅव्हिटी १.०४७, ३४/७० ची दोन पाकिटं. नळाच्या पाण्याने २४ पर्यंत आली, टबात दोन गोठलेल्या बाटल्या टाकून झोपलो, मनात सारखं येत होतं की वर्ट असंच पडलंय, काही होईल का, पण सकाळी साडेसहाला सेन्सर १५ दाखवत होता. यीस्ट टाकलं. संध्याकाळपर्यंत काहीच हालचाल नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर वर पांढऱ्या फेसाचा पातळ थर आणि एअरलॉक टकटक करायला लागलेला.

पुढचे तीन दिवस सकाळी ऑफिसच्या आधी एक बाटली आणि रात्री अकराला एक. दुसऱ्या रात्री मी विसरलो, पहाटे तीनला जाग आली तेव्हा १८.५ झालं होतं, तसाच अनवाणी गॅरेजमध्ये जाऊन दोन बाटल्या टाकल्या, सकाळी १६. बाकी सगळा वेळ १५ आणि १६.५ च्या मध्ये राहिली. चौथ्या दिवशी गॅरेजचं दार उघडलं तर गंधकाचा भपका, म्युनिकच्या दादांनी आधीच लिहून ठेवलं नसतं तर मी सगळं फेकलं असतं.

पाचव्या दिवशी बर्फ बंद केला. आठव्या दिवशी १९.५ आणि ग्रॅव्हिटी १.०१२, दहाव्या दिवशी १.०१०, तेराव्यालाही १.०१०. बरण्यांची परीक्षा दहाव्या दिवशी केली. गार बरणीला काही नाही, गरम केलेलीला अगदी स्पष्ट लोणी! ऑगस्टमध्ये मी हे न करताच बाटल्या भरल्या होत्या. तेराव्या दिवशी परत केली, थोडासा वास होता, की मलाच वाटत होता, म्हणून बायकोला न सांगता दोन्ही बरण्या नाकाखाली धरल्या, ती म्हणाली दोन्हींना ओल्या पावासारखा वास येतोय. तरी आणखी दोन दिवस थांबलो.

१२० ग्रॅम साखर उकळून घालून बाटल्या भरल्या, दोन आठवडे गॅरेजमध्येच, मग चार आठवडे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. मधे एक आठवड्याने चाखली तर जरा ढगाळ आणि मागे तो गंधक अजून होता. तीन आठवड्यांनी चाखली तेव्हा तो पूर्ण गेला होता आणि बाटलीच्या तळाशी यीस्टचा पातळ घट्ट थर बसलेला, वरची बिअर इतकी नितळ की पलीकडचं लेबल वाचता येत होतं.

परवा दादा आला. प्रवासाने थकलेला, जेवायच्या आधी एक बाटली उघडली, दोन ग्लासांत ओतली, तळाचा थर हलू नये म्हणून शेवटचं बोटभर बाटलीतच ठेवलं. त्याने ग्लास खिडकीकडे धरून बघितला, मग एक घोट घेतला, आणि विचारलं की ह्यात साखर वगैरे काही घातलीस का, नुसत्या जवाची एवढी चव लागते? मग मॉल्ट कसं भिजवतात, हॉप्स कधी घालतात असं सगळं विचारत राहिला, जेवण गार झालं. केळं नाही, लोणी नाही. शेवटी जीभेवर कडसरपणा जरा जास्त रेंगाळतो असं मला वाटलं, पुढच्या वेळी पहिले हॉप्स थोडे कमी करीन.

एक विचारायचं राहिलं. बाटल्या भरल्या त्या दिवशी फर्मेंटरच्या तळाचं यीस्ट मी निर्जंतुक बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवलंय, छान पांढरंशुभ्र, घट्ट बसलंय, वर बिअरचा थर आहे. दादा असेपर्यंत त्याच्यासोबत एक बॅच करायची आहे, ते तसंच टाकलं तर चालेल का?

अलमीडा_वाफ

वाचून इतका आनंद झाला! गॅरेज आता आणखी गार झालं असेल, डिसेंबर-जानेवारीत बर्फ कमी लागेल.

तळघर_एडिसन

फार फार छान केलंत, पहाटे तीनला उठलात तिथेच अर्धं काम झालं.

यीस्टचं म्हणाल तर दोन आठवड्यांच्या आतलं असतं तर मी तसंच टाका म्हटलं असतं, घट्ट गाळ साधारण ३०० मिली, १९ लिटरला पुरतो. पण तुमचं सहा आठवड्यांहून जुनं झालंय, त्यातलं बरंच मेलं असणार. आधी वास घ्या, आंबट किंवा जळक्या रबरासारखा आला तर टाकून द्या. ताज्या पावासारखा असेल तर वरची बिअर ओतून टाका, दोन लिटर पाण्यात २०० ग्रॅम ड्राय मॉल्ट (मॉल्टच्या अर्काची पावडर) उकळून २० अंशांपर्यंत गार करा आणि त्यात हा गाळ घालून दोन दिवस अधूनमधून हलवत ठेवा. फेस आला की एक रात्र फ्रीजमध्ये, वरचं पाणी ओतून खालचं घट्ट तेवढं वापरायचं. फेस आला नाही तर सरळ दोन पाकिटं आणा. आणि दादांना बर्फाच्या बाटल्यांची पाळी द्या, एक सकाळी, एक रात्री अकराला.